ग्रीक शिल्पाला आजचे प्रश्न कसे विचारावेत

प्राचीन ग्रीक शिल्पांवरचे लेखन वाचताना दोन सवयी वारंवार आढळतात. पहिली सवय जुनी आहे. प्रमाणबद्धता, सौष्ठव, आदर्श सौंदर्य अशा शब्दांची माळ ओवायची, शिल्पकाराचे नाव घ्यायचे आणि थांबायचे. दुसरी सवय अलीकडची, विद्यापीठीय वर्गांतून आलेली आहे. पितृसत्ता, नजर, अपरत्व, सत्तासंबंध हे शब्द आधीच तयार ठेवायचे आणि समोर कोणतीही मूर्ती आली तरी तेच तिला लावायचे. दोन्ही प्रकारांत शिल्प पाहिलेच जात नाही. पहिल्यात ते भक्तिभावाने टळते, दुसऱ्यात घाईने. सिद्धांताकडे उत्तर म्हणून न पाहता प्रश्न म्हणून पाहावे, आणि ज्या प्रश्नाला दगड 'नाही' असे उत्तर देऊ शकत नाही तो प्रश्न बदलून घ्यावा, अशी या लेखाची भूमिका आहे.

कलेचे विद्यार्थी, संग्रहालयात जाणारे जिज्ञासू आणि छायाचित्रांवरून अभ्यास करणारे वाचक यांच्यासाठी ही कार्यपद्धती पायरीपायरीने मांडली आहे. मुख्य उदाहरणे दोन घेतली आहेत. एक अथेन्समधील हेगेसोची कबरशिला, जी मूळ स्वरूपात आपल्यासमोर आहे. दुसरे शिल्पकार प्रॅक्सिटेलीझची क्निडोस या ग्रीक शहरातील अफ्रोडाइटी, म्हणजे प्रेमदेवतेची मूर्ती, जिचे मूळ नष्ट झाले आहे. अन्य शिल्पे गरजेपुरती येतील.

पहिली पायरी: समोर नेमके काय आहे ते ठरवा

ही पायरी कंटाळवाणी वाटते, म्हणून बहुतेक जण ती गाळतात आणि पुढे फसतात. 'ग्रीक शिल्प' या नावाने जे आपल्याला दाखवले जाते, त्यातले पुष्कळसे रोमन काळात संगमरवरात केलेल्या प्रतींच्या रूपात उरले आहे. ग्रीकांनी अनेक महत्त्वाची शिल्पे ब्राँझमध्ये ओतली होती, आणि ब्राँझ वितळवून पुन्हा वापरता येत असल्यामुळे ती टिकली नाहीत. जी टिकली, त्यांतली कित्येक समुद्राच्या तळाशी पडून राहिल्यामुळे टिकली. १९७२ मध्ये इटलीतील रियाचे गावाजवळच्या समुद्रात सापडलेल्या दोन योद्ध्यांच्या मूर्ती याचे प्रसिद्ध उदाहरण आहेत. त्यांचे ओठ तांब्याचे आहेत आणि एकाच्या दातांवर चांदी आहे. पॉलिक्लीटस या ग्रीक शिल्पकाराचा भालाधारी तरुण आपल्याला मुख्यतः संगमरवरी प्रतींतूनच ठाऊक आहे, आणि त्याच्या पायाशी असलेला झाडाचा बुंधा हा दगडाला आधार म्हणून प्रत करणाऱ्याने घातलेला भाग आहे. त्या बुंध्यात 'निसर्ग आणि पुरुषदेह यांचे नाते' शोधणारा लेख कितीही विद्वत्तापूर्ण असला तरी फुकट जातो.

प्रतीइतकाच धोका दुरुस्तीचा असतो. १५०६ मध्ये रोममध्ये सापडलेल्या लाओकून शिल्पसमूहात सापांच्या विळख्यातला पिता आणि त्याचे दोन मुलगे आहेत; त्यातील पित्याचा उजवा हात बेपत्ता होता. तो वर ताणलेला असा नव्याने बनवून बसवला गेला, आणि पुढची कित्येक शतके युरोपने त्या ताणलेल्या हाताच्या आधारे वेदना, धैर्य आणि संयम यांची मीमांसा केली. विसाव्या शतकाच्या आरंभी जुना हात सापडला, तो कोपरात दुमडलेला होता, आणि त्या शतकाच्या मध्यानंतर तो मूर्तीला जोडण्यात आला. देहाची एकूण रेषाच बदलली.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर काही गोष्टी नोंदवाव्यात: माध्यम कोणते, मूळ आहे की प्रत, प्रत असल्यास किती काळानंतरची, कोणते भाग नंतर जोडलेले आहेत, शिल्प कोठे सापडले आणि आज कोठे आहे. छायाचित्रावरून काम करत असाल तर ते कोणत्या बाजूने घेतले आहे हेही लिहावे, कारण चहूबाजूंनी पाहण्यासाठी केलेली मूर्ती पुस्तकात बहुधा एकाच बाजूने भेटते.

दुसरी पायरी: सिद्धांत दूर ठेवून वर्णन लिहा

निदान पानभर वर्णन असे लिहावे की त्यात एकही पारिभाषिक शब्द नसेल. हेगेसोची शिला घेऊन हे करून पाहू. ही शिला १८७० मध्ये अथेन्समधील केरामेइकोस या स्मशानभूमीत सापडली, आज तेथील राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे आणि तिचा काळ सामान्यतः इ.स.पू. ४१० ते ४०० असा मानला जातो. अथेन्सजवळच्या डोंगरातल्या पेंटेलिक संगमरवरातले हे उठावशिल्प आहे. दोन बाजूंना चपटे खांब आणि वर त्रिकोणी माथा अशी छोट्या देवळासारखी चौकट आहे. उजवीकडे एक स्त्री पाठीच्या खुर्चीत बसली आहे. खुर्चीचे पाय डौलदार वक्र आहेत आणि तिची पावले एका बुटक्या पाटावर टेकली आहेत. तिच्या अंगावरच्या तलम वस्त्राच्या चुण्या खांद्यावर, दंडावर आणि मांडीवर वेगवेगळ्या दिशांनी पडतात, आणि डोक्यामागून पातळ ओढणी खाली येते. डावीकडे दुसरी स्त्री उभी आहे. तिचे वस्त्र लांब बाह्यांचे आणि साधे, केस कापडी टोपीत बांधलेले. तिने उघडी पेटी पुढे धरली आहे. बसलेल्या स्त्रीने पेटीतून काहीतरी उचलले आहे आणि ती ते बोटांत धरून पाहते आहे, पण तिच्या बोटांत आज काहीच नाही. तो दागिना बहुधा रंगाने दाखवला होता आणि रंग उडून गेला. वरच्या पट्टीवर दोनच शब्द कोरले आहेत: हेगेसो, प्रॉक्सेनॉसची.

असे वर्णन लिहिताना काही गोष्टी आपोआप टोचू लागतात. उभी असलेली स्त्री आणि बसलेली स्त्री यांची डोकी जवळजवळ एकाच पातळीवर आहेत. म्हणजे हेगेसो उठून उभी राहिली तर ती दुसरीपेक्षा बरीच उंच भरेल. एकीची पावले पाटावर, दुसरीची थेट जमिनीवर. एकीचे नाव कोरलेले, दुसरीचे नाही. दोघींची नजर एकमेकींना भिडत नाही. दोघींच्या माना त्या हातातल्या आता नसलेल्या वस्तूकडे झुकल्या आहेत. ही निरीक्षणे अजून कोणत्याही वादाची नाहीत. पुढे जो सिद्धांत आणायचा, तो याच निरीक्षणांवर उभा राहील. निरीक्षणे तोकडी असतील तर सिद्धांत हवेत तरंगेल.

तिसरी पायरी: शिल्पाभोवतीचा पुरावा गोळा करा

पुरावा तीन ठिकाणी मिळतो: शिल्पावरचा लेख, सापडण्याची जागा आणि प्राचीन ग्रंथ. यांतल्या पहिल्या दोहोंवर अधिक विसंबावे.

कोरलेला लेख किती बोलतो याची फ्रासिक्लेया ही उत्तम साक्ष आहे. अथेन्सभोवतीच्या अॅटिका या प्रदेशातील मेरेंडा येथे १९७२ मध्ये एका खड्ड्यात पुरलेली ही तरुणीची मूर्ती सापडली, शेजारी एका नग्न तरुणाची मूर्ती होती. पारोसच्या अरिस्टिऑन या शिल्पकाराची ही कृती इ.स.पू. सहाव्या शतकाच्या मध्याची आहे. हातात कमळाची कळी आहे, वस्त्रावर लाल रंगाचे अंश टिकून आहेत. तिच्या बैठकीवरच्या लेखात ती स्वतःच बोलते: मला कायम कुमारी म्हटले जाईल, विवाहाऐवजी देवांकडून मला हेच नाव मिळाले. स्त्रीचे आयुष्य विवाहावर मोजले जात होते हे सांगायला याहून स्पष्ट पुरावा कशाला हवा? पण त्याच लेखात बापाचे नाव नाही, भावाचे नाही, स्मारक उभारणाऱ्याचेही नाही. हेगेसोच्या शिलेवर मात्र नावाला जोडून एका पुरुषाचे नाव आहे, जे सामान्यतः वडिलांचे मानतात. 'प्राचीन ग्रीसमध्ये स्त्री पुरुषाच्या नावानेच ओळखली जाई' असे सरसकट विधान करणाऱ्याला हा फरक अडवतो, आणि अडवायलाच हवे.

ग्रंथांच्या बाबतीत सावधगिरी बाळगावी. रोमन लेखक प्लिनी इ.स. पहिल्या शतकात, प्रॅक्सिटेलीझनंतर सुमारे चारशे वर्षांनी लिहीत होता. तो सांगतो की प्रॅक्सिटेलीझने अफ्रोडाइटीच्या दोन मूर्ती केल्या, एक वस्त्रे ल्यालेली आणि एक नग्न. कोस बेटावरच्या लोकांनी पहिली निवडली, क्निडोसच्या लोकांनी दुसरी घेतली आणि त्यांचे नाव झाले. पुढे निकोमेडीस राजाने शहराचे सगळे कर्ज फेडण्याच्या बदल्यात ती मागितली, तरी त्यांनी दिली नाही. प्रसंग घडला की नाही यापेक्षा रोमन वाचकाला ही मूर्ती कशासाठी आठवत होती हे या कथेतून अधिक खात्रीने कळते.

चौथी पायरी: सिद्धांत निवडा, पण निरीक्षणावरून

आता दुसऱ्या पायरीतल्या टोचणाऱ्या गोष्टींकडे परत जावे आणि त्यांतली प्रत्येक कोणत्या प्रकारचा प्रश्न मागते हे पाहावे. उलट क्रमाने, म्हणजे 'मला स्त्रीवादी लेख लिहायचा आहे, शिल्प शोधतो' असे केले की निष्कर्ष आधी आणि शिल्प नंतर येते. एका लेखासाठी एक मुख्य सिद्धांत आणि फार तर एक सहायक पुरे. पाच सिद्धांतांची भेळ परीक्षकाला खूश करत असेल, वाचकाला काही देत नाही.

नजरेचा प्रश्न. चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात चित्रपटातील 'पुरुषी नजर' ही कल्पना मांडली: पडद्यावरची स्त्री पाहिली जाण्यासाठी असते आणि पाहणाऱ्याची जागा पुरुषाची गृहीत धरलेली असते. क्निडोसच्या अफ्रोडाइटीला ही कल्पना इतकी चपखल बसते की येथेच सावध व्हावे. मूर्ती नग्न, स्नानाच्या प्रसंगातली. डाव्या हातातले वस्त्र जलकुंभावर पडते आहे, उजवा हात जननेंद्रियापुढे आहे. ती वस्त्र उतरवते आहे की उचलते आहे, हे प्रतींवरून निश्चित सांगता येत नाही. हात झाकतो आहे की लक्ष वेधतो आहे, हेही नाही. प्लिनी म्हणतो की देऊळ चहूबाजूंनी उघडे होते आणि मूर्ती सगळीकडून पाहता येई. लूशियन या प्राचीन लेखकाच्या नावावर चालणाऱ्या एका संवादात मूर्तीची मागची बाजू पाहण्यासाठी वेगळे दार उघडले जाते, आणि रात्री देवळात लपून राहिलेल्या तरुणाने मूर्तीवर ठेवलेल्या डागाची कथा येते. ही सारी पुरुषांची साक्ष आहे आणि मल्व्ही यांचे म्हणणे तिच्यातून जवळजवळ शब्दशः सिद्ध होते.

आता दगडाला 'नाही' म्हणण्याची संधी द्यावी. चित्रपटाचा प्रेक्षक अंधारात बसलेला असतो आणि पडद्यावरची व्यक्ती त्याला पाहू शकत नाही. येथे समोर देवी आहे, आणि नग्न देवीला पाहणे ग्रीक कथांमध्ये जोखमीचे असते; आर्टेमिस देवीला स्नान करताना पाहणाऱ्या ॲक्टिऑनला त्याच्याच कुत्र्यांनी फाडले. म्हणजे पाहणारा येथे निर्धास्त नाही. शिवाय अफ्रोडाइटीच्या देवळात स्त्रियाही जात. दक्षिण इटलीतील लोक्री येथील नोस्सिस या कवयित्रीची एक छोटी कविता टिकून आहे. तीत ती मैत्रिणींना म्हणते, चला, देवळात जाऊन अफ्रोडाइटीची सोन्याने मढवलेली मूर्ती पाहू, आपल्या देहाच्या कांतीवर कमावलेल्या धनातून पॉलिआर्किसने ती उभारली आहे. ही मूर्ती क्निडोसची नव्हे, पण स्त्रिया देवीची मूर्ती पाहायला जात, ती उभारत, आणि पाहण्याचा आनंद घेत, याचा हा स्त्रीच्याच तोंडचा पुरावा आहे. त्यामुळे 'क्निडोसची अफ्रोडाइटी पुरुषी नजरेसाठी घडवली' या वाक्याच्या जागी असे वाक्य येते: उपलब्ध पुरुष लेखकांनी ती कामुक नजरेने पाहिली, मूर्तीची भंगिमा त्या नजरेला वाव देते, परंतु देवळातल्या सगळ्या पाहणाऱ्यांची जागा तिने एकच ठरवली होती असे म्हणता येत नाही. वाक्य लांब झाले, बरोबर झाले.

श्रमाचा आणि वर्गाचा प्रश्न. हेगेसोच्या शिलेतील बिननावाची स्त्री मार्क्सवादी प्रश्न मागते: या स्मारकात कोणाचे श्रम दिसतात आणि कोणाचे दडतात? लांब बाह्यांचे वस्त्र आणि बांधलेले केस यांवरून अभ्यासक तिला दासी मानतात. ती विकत घेतलेली गुलाम असण्याची शक्यता मोठी आहे, पण तो तर्क आहे आणि तसाच लिहावा. ती पेटी धरून उभी आहे, म्हणून हेगेसोला बसून दागिना निवडता येतो. म्हणजे मालकिणीचे मोठेपण दाखवायला शिल्पकाराला दासीचा देह लागतो. प्रश्न येथे थांबवू नये. ही शिला कोरणारे हात कोणाचे होते? त्याच दशकातल्या एरेक्थेइऑन देवळाच्या बांधकामाचे हिशेब दगडावर कोरलेले सापडले आहेत. त्यांत नागरिक, परदेशी रहिवासी आणि गुलाम एकाच कामावर, बहुधा दिवसाला एक ड्राक्मा (तेव्हाचे चांदीचे नाणे) या सारख्याच दराने नोंदले आहेत, आणि चित्रपट्टीतील एका मानवाकृतीसाठी शिल्पकाराला ६० ड्राक्मा दिल्याच्या नोंदी आहेत. गुलामाला त्याच्या कमाईतले हाती किती लागे हा वेगळा भाग झाला. 'ग्रीक प्रतिभा' या शब्दाखाली कोणकोणते लोक दगड फोडत होते, याची कल्पना या हिशेबावरून जितकी येते तितकी कोणत्याही सौंदर्यमीमांसेतून येत नाही.

याच शिलेला नागरिकत्वाचा प्रश्नही लागू होतो. अथेन्सचा नेता पेरिक्लीझ याच्या इ.स.पू. ४५१-४५० मधील कायद्याने आईवडील दोघेही अथेन्सचे असतील तरच मुलाला नागरिकत्व मिळू लागले. अॅटिकामध्ये जवळजवळ दोन पिढ्या बंद असलेल्या कोरीव कबरशिला इ.स.पू. ४३० च्या सुमारास पुन्हा दिसू लागल्या, आणि त्यांवर घरातल्या स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या. नागरिक स्त्रीचे कुलीनत्व आता मुलाबाळांच्या हक्काशी बांधले गेले होते. तेव्हा सार्वजनिक रस्त्यालगत तिचे नाव आणि पित्याचे नाव कोरणे हे केवळ दुःख नव्हते, असे अनुमान सयुक्तिक ठरते. युद्ध आणि साथ यांच्या काळात स्मारकांची गरजच वाढली, हे पर्यायी कारणही शेजारी नोंदवून ठेवावे.

इच्छेचा आणि सत्तेचा प्रश्न. फ्रेंच विचारवंत मिशेल फूको यांनी ग्रीकांबद्दल लिहिताना दाखवले की आज आपण ज्याला लैंगिक ओळख म्हणतो ती त्यांची वर्गवारी नव्हती. वय, दर्जा आणि स्वतःवरचा ताबा यांना तेथे अधिक महत्त्व होते. ही दृष्टी हर्मोडिओस आणि अरिस्टोगेइटोन यांच्या जोडशिल्पाला लावून पाहावी. इ.स.पू. ५१४ मध्ये या दोघांनी अथेन्सचा हुकूमशहा हिप्पिआस याचा भाऊ हिप्पार्कोस याला मारले. अथेन्सने त्यांना हुकूमशाहीचे मारेकरी म्हणून बाजारचौकात उभे केले. अँटेनॉरने केलेली पहिली मूर्तिजोडी इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियनांनी पळवली, तेव्हा क्रिटिओस आणि नेसिओटीस यांच्याकडून इ.स.पू. ४७७-४७६ मध्ये दुसरी करून घेतली. आपल्याकडे तिच्या रोमन प्रती आहेत, मुख्यतः नेपल्सला. ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस स्पष्ट लिहितो की कटाचे मूळ प्रेमप्रकरणात होते, आणि शिल्पात एक दाढीवाला प्रौढ व एक मिसरूड न फुटलेला तरुण अशी प्रियकर-प्रियतमाची ग्रीक जोडी लपवलेली नाही. लोकशाहीने आपल्या पहिल्या राजकीय स्मारकासाठी ही जोडी का निवडली, हा प्रश्न फलदायी आहे. त्यांना आजच्या अर्थाने 'समलिंगी वीर' म्हणणे जितके घाईचे, तितकेच ते फक्त 'मित्र' होते असे म्हणणे भित्रेपणाचे आहे.

वसाहतीचा आणि रंगाचा प्रश्न. येथे शिल्पापेक्षा शिल्पाचा पुढचा प्रवास अधिक तपासावा लागतो. विंकेलमान या जर्मन अभ्यासकाने १७६४ मध्ये प्राचीन कलेचा इतिहास प्रसिद्ध केला आणि ग्रीक कलेला सर्वोच्च स्थान दिले. तो ग्रीसला कधीही गेला नाही. रोममध्ये त्याने जे पाहिले त्यात रोमन प्रती भरपूर होत्या, आणि त्यांचे रंग उडालेले होते. शुभ्रता हे ग्रीक सौंदर्याचे लक्षण मानण्याची सवय अशा दर्शनातून पक्की झाली. प्रत्यक्षात ग्रीक संगमरवर रंगवलेले असे. आपल्या कोणत्या मूर्ती स्वतःला सर्वांत आवडतात असे विचारल्यावर प्रॅक्सिटेलीझने, निकिआस या चित्रकाराचा हात ज्यांवर फिरला त्या, असे उत्तर दिल्याचे प्लिनीच सांगतो. तरी १९३७-३८ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाची काही शिल्पे अधिक पांढरी दिसावीत म्हणून धातूच्या हत्यारांनी खरवडली गेली. शिल्पावरची कल्पना शिल्पाच्या पृष्ठभागावर कशी उतरते, याचा हा पुरावा हाताने चाचपता येण्याजोगा आहे.

उत्तर-वसाहतवादी वाचनासाठी मराठी वाचकाला दूर जावे लागत नाही. १८५७ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लॅस्टर प्रतींवरून रेखाटन हा शिक्षणाचा पाया होता. पांढऱ्या प्लॅस्टरचा तो देह आदर्श मानवी देह म्हणून पिढ्यानपिढ्यांच्या हाताखालून गेला. त्याच शाळेतील विद्यार्थी गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ मध्ये 'मंदिरपथगामिनी' हे शिल्प प्लॅस्टरमध्ये घडवले. नऊवारीच्या चुण्यांतून देहाचा डौल दाखवण्याची त्यातली रीत पाहताना ग्रीक वस्त्रशिल्पाची आठवण होते. याला केवळ अनुकरण म्हणावे, की शिकवलेले व्याकरण घेऊन स्वतःचे वाक्य रचणे म्हणावे? माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, कारण नऊवारी कशी नेसतात आणि कोठे ताणली जाते हे कोणत्याही ग्रीक साच्यात नव्हते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रदर्शनात भारतीय, इजिप्शियन, असिरियन, ग्रीक आणि रोमन शिल्पे शेजारी शेजारी मांडली होती. ज्यांनी ते पाहिले असेल त्यांनी 'मापदंड कोणाचा' हा प्रश्न त्या आठवणीवर लावून पाहावा.

अपरत्वाचा, म्हणजे दुसऱ्याला परका ठरवण्याचा, प्रश्न ग्रीक जगाच्या आतही विचारता येतो. रोमच्या कॅपिटोलिन संग्रहालयातील मरणासन्न गॉल हा पेर्गामॉनचा राजा पहिला अॅटलस याने गॉल या परक्या टोळ्यांवरील विजयाप्रीत्यर्थ उभारलेल्या ब्राँझची रोमन प्रत मानला जातो. गळ्यात पिळाचे कडे, ओठावर मिशी, ताठ राठ केस, बरगडीवर जखम. शत्रूला इतक्या सन्मानाने मरताना दाखवले म्हणजे जेत्याच्या मनात करुणा होती, असे वाटते खरे. पण शत्रू जितका तोलामोलाचा तितका विजय मोठा, हेही विजयस्मारकाचे साधे गणित आहे.

मनोविश्लेषणाबद्दल थोडक्यात सांगतो. फ्रॉइडला प्राचीन मूर्तींचे वेड होते आणि त्याने आणि त्याच्या अनुयायांनी मेड्युसा या सर्पकेशी राक्षसीपासून पुष्कळ अर्थ काढले. परंतु ज्याच्या मनाचा शोध घ्यायचा तो शिल्पकार, तो ग्राहक किंवा तो प्रेक्षक येथे आपल्या हाती नसतो. म्हणून नवशिक्याने ही वाट शेवटी घ्यावी.

पाचवी पायरी: उलटतपासणी

लिहिलेल्या प्रत्येक प्रमुख विधानाला तीन प्रश्न विचारावेत. हे विधान खोटे ठरायचे असेल तर शिल्पात काय दिसायला हवे होते? हेच विधान त्या काळच्या दुसऱ्या कोणत्याही शिल्पाला जसेच्या तसे लागू पडते का? आणि ते मूळ शिल्पाबद्दल आहे, प्रतीबद्दल आहे की आपल्या काळाबद्दल?

दुसरा प्रश्न सर्वांत उपयोगी पडतो. 'या शिल्पातून पितृसत्ताक मूल्ये व्यक्त होतात' हे वाक्य अथेन्समधल्या जवळजवळ प्रत्येक दगडाला लागू होते, म्हणजेच ते या दगडाबद्दल काही सांगत नाही. 'हेगेसोला पित्याच्या नावाने ओळख दिली आहे, पण शिलेवर पती, मुले किंवा कोणताही पुरुष कोरलेला नाही. ही शिला ज्या कुटुंबाच्या जागेत उभी होती ते कोरोइबोसचे होते' हे वाक्य फक्त येथेच लागू होते, आणि त्यातून प्रश्नही निघतो: सासरच्या जागेत माहेरचे नाव का? ही जागा सासरची होती हा अंदाज आहे, हे लिहायला विसरू नये.

सहावी पायरी: लेखन

मसुदा करताना निरीक्षण, पुरावा आणि अनुमान यांची वाक्ये वेगळी ठेवावीत. मसुद्यात प्रत्येक वाक्याच्या समासात 'नि', 'पु' किंवा 'अ' असे अक्षर लिहिण्याची सवय लावून घेतली की कोठे तोल जातो ते लगेच दिसते. ओळीने चार वाक्ये 'अ' आली की तेथे शिल्प सुटले असे समजावे. सिद्धांतकाराचे नाव एकदा, त्याची कल्पना आपल्या शब्दांत एकदा, आणि मग परिच्छेदभर शिल्पच असावे. उदाहरणादाखल हा परिच्छेद पाहा:

'हेगेसो पेटीतून उचललेली वस्तू पाहते आहे. तिची दासीही तिकडेच पाहते आहे. दासीच्या हातांत पेटी आहे, मालकिणीच्या बोटांत ती वस्तू. शिलेवर दोघींपैकी एकीचेच नाव कोरले आहे. उभ्या स्त्रीचे लांब बाह्यांचे वस्त्र अथेन्सच्या कबरशिलांवर दासींना वारंवार दिलेले असते. म्हणून या शिलेत संपत्ती दोन रूपांत मांडली आहे असे म्हणता येईल: दागिना, जो मूळच्या प्रेक्षकाला बहुधा रंगात दिसत होता, आणि पेटी धरून उभी राहणारी व्यक्ती. परंतु शिल्पकाराने दोघींची डोकी एका पातळीवर आणली आहेत आणि दोघींना एकाच शांततेत गुंतवले आहे. दासीला हास्यास्पद किंवा कुरूप केलेले नाही. ही जवळीक मालकिणीच्या सौजन्याची जाहिरात आहे की घरात रोज घडणाऱ्या सहवासाची नोंद, याचा निवाडा शिला करत नाही.'

पहिली चार वाक्ये 'नि', पाचवे 'पु', सहावे 'अ'; सातव्यात पुन्हा निरीक्षण येते आणि ते सहाव्याला अडवते. शेवटच्या वाक्यात निर्णय टाळला आहे, पण तो कोणत्या दोन पर्यायांमध्ये टाळला आहे हे सांगितले आहे. निर्णय देण्याइतका पुरावा हवा असेल तर पुढचे काम ठरलेलेच आहे: याच दशकातल्या, मालकीण आणि दासी एकत्र असलेल्या निदान पाचसहा शिला गोळा कराव्यात, प्रत्येकीत डोक्यांची पातळी, नजरेची दिशा आणि कोरलेली नावे यांचा तक्ता करावा, आणि हेगेसोची शिला त्यांत नेहमीची ठरते की वेगळी, ते पाहून सहावे वाक्य पुन्हा लिहावे.